राष्ट्रीय शोकांतिकेवरील चित्रपटाचे परीक्षण कसे लिहावे

२८ नोव्हेंबर २०२२ रोजी गोव्यात ताळगावच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमवर इफ्फीचा, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, समारोप सुरू असताना, आंतरराष्ट्रीय स्पर्धा विभागाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष, इस्रायली दिग्दर्शक नदाव लापिद यांनी 'द काश्मीर फाइल्स' हा चित्रपट आपल्याला प्रचारकी आणि असभ्य वाटला, असे व्यासपीठावरून सांगितले. मंडळातील भारतीय सदस्य सुदीप्तो सेन यांनी ते अध्यक्षांचे वैयक्तिक मत असल्याचे जाहीर केले, उरलेल्या तीन सदस्यांनी काही दिवसांनी अध्यक्षांना पाठिंबा देणारे निवेदन काढले, इस्रायलच्या राजदूतांनी आपल्याच देशाच्या दिग्दर्शकाला जाहीरपणे सुनावले आणि स्वतः लापिद यांनी पीडितांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना दुखावण्याचा आपला हेतू नव्हता, असे स्पष्ट केले. पुढच्या वर्षी याच चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. या सगळ्या वादात काश्मिरी पंडितांच्या विस्थापनाविषयी पुष्कळ बोलले गेले, परदेशी पाहुण्याने यजमानांच्या व्यासपीठावर काय बोलावे याविषयीही बोलले गेले. चित्रपटातील एखाद्या दृश्याची रचना कशी आहे, ते का परिणाम करते किंवा का करत नाही, याविषयी मात्र फारच थोडे बोलले गेले.

ही उणीव भरून काढणे हे परीक्षण लिहिणाऱ्याचे काम आहे. गोव्यात मराठीतून चित्रपटांवर लिहिणारे बरेच जण आहेत. काही दैनिकांच्या पुरवण्यांत लिहितात, काही रसास्वाद शिबिरांतून तयार झालेले आहेत, काही जण इफ्फीचे प्रतिनिधीपत्र गळ्यात अडकवून दरवर्षी नोव्हेंबरात पणजीला मुक्काम ठोकतात. त्यांतील नव्या मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: घटनेचे दुःख आणि चित्रपटाची कामगिरी ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एका खात्यातील जमा दुसऱ्यात दाखवू नये. घटना भीषण होती म्हणून चित्रपट थोर ठरत नाही आणि चित्रपट फसला म्हणून घटना लहान होत नाही. हे तत्त्व म्हणून सर्वांना मान्य असते. लिहिताना मात्र दुसऱ्या परिच्छेदातच त्याचा विसर पडतो.

चित्रपटाआधी घटना वाचावी

चित्रपटगृहात जाण्यापूर्वी त्या घटनेची पानभर टाचणे काढून ठेवावीत. घटना कोठे आणि केव्हा घडली, किती माणसे गेली, चौकशी कोणी केली, न्यायालयाने काय म्हटले आणि आजही कोणत्या गोष्टीवर मतभेद आहेत, एवढे त्यात असले तरी पुरते. मृतांच्या आकड्याबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण अशा घटनांत आकडा हाच पुष्कळदा वादाचा विषय असतो. १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बागेतील गोळीबारात ३७९ माणसे मेली असे सरकारने नेमलेल्या हंटर समितीने म्हटले, तर काँग्रेसच्या चौकशीने हा आकडा हजाराच्या घरात नेला. भोपाळच्या १९८४ मधील वायुगळतीत तत्काळ मरण पावलेल्यांचा सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता, पुढे मध्य प्रदेश शासनाने ३,७८७ मृत्यू मान्य केले आणि पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट अधिक आकडा सांगतात. म्हणून आकडा लिहिताना तो कोणाचा आहे हे त्याच वाक्यात लिहावे. वाचकाला चित्रपटाची बाजू कळण्याआधी परीक्षकाची बाजू कळते, ती अशाच जागी.

आधार म्हणून चौकशी आयोगांचे अहवाल, निकालपत्रे आणि त्या आठवड्यातील वर्तमानपत्रे पाहावीत. विकिपीडियावरून सुरुवात करण्यात गैर काही नाही, तेथेच थांबण्यात आहे. पाटोवरील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांसाठी एक दुपार काढली, तर घटनेच्या दुसऱ्या दिवशी लोकांना काय माहीत होते आणि काय माहीत नव्हते याचा अंदाज येतो, आणि हा अंदाज परीक्षणाच्या फार कामी येतो. चित्रपट तयार होतो तेव्हा सर्वांना शेवट ठाऊक असतो; पात्रांना तो ठाऊक नसतो. ही अनभिज्ञता दिग्दर्शकाने राखली आहे की नाही, हे ओळखायचे तर ती आपल्याला आधी कळलेली असली पाहिजे.

मात्र हा अभ्यास करून परीक्षकाने तथ्यतपासनीस होऊ नये. चित्रपट हा आयोगाचा अहवाल नव्हे आणि प्रत्येक बदल हा अपराध नव्हे. बदलांच्या तीन प्रतवाऱ्या कराव्या लागतात. 'चेर्नोबिल' या २०१९ च्या मालिकेतील उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ प्रत्यक्षात नव्हती. अनेक शास्त्रज्ञांचे काम एका पात्रात एकवटले आहे, हे मालिकेच्या शेवटी पडद्यावरच सांगितले आहे. ही सोय झाली, आणि ती उघड सांगितलेली सोय आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरण झालेल्या चार विमानांपैकी एकावर आधारलेल्या 'युनायटेड ९३' या पॉल ग्रीनग्रास यांच्या २००६ च्या चित्रपटात प्रवासी शेवटी वैमानिकाच्या कक्षात घुसताना दिसतात; अमेरिकेच्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष असा की अपहरणकर्ते अखेरपर्यंत नियंत्रणावर होते, प्रवासी त्यांच्यावर मात करण्यापासून काही क्षणच दूर होते. येथे चित्रपटाने आयोगापेक्षा एक पाऊल पुढे टाकले आहे, आणि त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. पण त्याच चित्रपटात एका जर्मन प्रवाशाला अपहरणकर्त्यांचे ऐकून घ्यावे असे सुचवताना दाखवले आहे, आणि तो प्रत्यक्षात तसे वागल्याचा पुरावा नाही. हा बदल तिसऱ्या प्रतीचा आहे, कारण मेलेल्या माणसावर त्याने दुबळेपणाचा ठपका ठेवला आणि त्याला उत्तर देण्याची सोय नाही. परीक्षणात जागा मोजकी असते. ती तिसऱ्या प्रतीच्या बदलांसाठी राखावी. गाडीचा नंबर किंवा गणवेशावरील फीत चुकल्याच्या तक्रारी वाचकपत्रांवर सोडाव्यात, त्या येतातच.

पडद्यावर काय पाहावे

अशा चित्रपटांची चर्चा 'काय दाखवले' येथेच अडते. परीक्षकाने 'कसे दाखवले' येथे पोहोचले पाहिजे, कारण नैतिक प्रश्न तेथे असतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६१ चे आहे. जिलो पोन्तेकोर्वो यांच्या 'कापो' या छळछावणीवरील चित्रपटात एक कैदी स्त्री विजेच्या तारांच्या कुंपणावर स्वतःला झोकून देते, आणि कॅमेरा हळूच पुढे सरकून तिचे शव चौकटीत नीट बसवतो, वर उचललेला हात कोपऱ्यात नेमका यावा अशा बेताने. फ्रेंच समीक्षक जाक रिवेत यांनी 'काये द्यु सिनेमा' या नियतकालिकात त्या एका हालचालीवर टीका केली आणि हा निर्णय घेणारा माणूस तिरस्कारालाच पात्र आहे, असे म्हटले. टीका अतिरेकी होती असे माझे मत आहे. एका हालचालीवरून माणसाचे माप काढू नये. पण त्यांनी पाहिले ते नेमके पाहिले: मरणाला सुबक करण्याचा मोह कॅमेऱ्याला होतो, आणि त्या मोहाचा पुरावा सेकंदांत आणि इंचांत सापडतो. परीक्षकाने शोधायचा तो हा पुरावा.

म्हणून अंधारात टिपणे घेताना तीनचार गोष्टींवर लक्ष असू द्यावे. कॅमेरा कोणाच्या खांद्याशी उभा आहे, मारणाऱ्याच्या की मरणाऱ्याच्या? नाव कोणाला आहे आणि गर्दी म्हणून कोण मरते? संगीत केव्हा सुरू होते, प्रसंगाच्या आधी, मध्ये की नंतर? हिंसेचे दृश्य संपले असे वाटल्यानंतरही ते किती वेळ चालू राहते आणि त्या जास्तीच्या वेळात आपल्याला काही नवे कळते का? यांपैकी संगीताचा प्रश्न मला सर्वांत बोलका वाटतो, कारण प्रेक्षकाच्या मनात दुःख उमटण्याआधीच व्हायोलिने रडू लागली तर दिग्दर्शकाचा स्वतःच्या दृश्यावर विश्वास नाही, हे उघड होते.

एकाच घटनेवरचे दोन चित्रपट शेजारी ठेवले की हे सगळे फार लवकर शिकता येते. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ओस्लोमधील स्फोटात ८ आणि उतोया बेटावरील गोळीबारात ६९ अशी ७७ माणसे मारली गेली. त्यावर २०१८ या एकाच वर्षी दोन चित्रपट आले. एरिक पोप्पे यांनी बेटावरचा हल्ला एका सलग चित्रणात, प्रत्यक्ष हल्ल्याइतकीच म्हणजे सुमारे ७२ मिनिटे दाखवला. कॅमेरा काया नावाच्या एका काल्पनिक मुलीला सोडत नाही आणि मारेकरी दूरवर ओझरता दिसतो, त्याला चेहरा नाही. ग्रीनग्रास यांच्या '२२ जुलै'मध्ये हल्ला पहिल्या भागातच आटोपतो आणि उरलेला चित्रपट वाचलेल्या मुलाचा आणि खटल्याचा आहे. तेथे मारेकऱ्याला चेहरा आहे, नाव आहे, बोलायला वेळ आहे. पहिल्यावर आक्षेप घेता येतो की तो प्रेक्षकाला भीतीच्या आत कोंडतो आणि बाहेरचे राजकारण दिसू देत नाही. दुसऱ्यावर आक्षेप घेता येतो की ज्याला व्यासपीठ हवे होते त्याला ते मिळाले. दोन्ही आक्षेप रास्त आहेत आणि दोन्ही चित्रपटांकडे त्यांचे उत्तरही आहे. परीक्षण लिहायचे ते त्या उत्तराविषयी लिहावे.

सौंदर्याचा प्रश्नही टाळू नये. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर सत्यजित राय यांनी 'अशनि संकेत' रंगीत केला, तेव्हा उपासमारीवरच्या चित्रपटात इतकी हिरवीगार शेते आणि इतके देखणे आभाळ कशाला, अशी टीका झाली. १९७३ साली बर्लिन महोत्सवात त्याच चित्रपटाला सुवर्ण अस्वल मिळाले. टीकाकारांचा आक्षेप पोकळ नव्हता. परंतु तो दुष्काळ पीक बुडाल्याने आलेला नव्हता, माणसांच्या व्यवहाराने आणला होता. भोवती निसर्ग भरभरून असताना माणसे भातावाचून मेली, हे सांगायला हिरवा रंगच लागतो. एखादी दृश्यनिवड आधी खटकली, तर ती घटनेच्या कारणाशी जुळते का, हे तपासून मगच तिच्यावर लिहावे. असे तपासल्यावरही खटकली, तर जरूर लिहावे. मृणाल सेन यांनी तर त्याच दुष्काळावर चित्रपट काढायला खेड्यात आलेल्या चित्रपटमंडळींवरच 'अकालेर संधाने' हा चित्रपट केला, आणि परीक्षकाने विचारायचे बहुतेक प्रश्न त्यातील गावकरी विचारून मोकळे होतात. नव्या परीक्षकाने एकच चित्रपट पाहून या कामाला लागायचे असेल, तर मी त्याचे नाव सुचवीन.

लांबलेल्या हिंसेविषयी घाईने निकाल देऊ नये. शूजित सरकार यांच्या 'सरदार उधम'मध्ये जालियनवाला बागेचा भाग इतका लांब चालतो की चित्रपटगृहात माणसे चुळबुळ करू लागली असती. तो चित्रपट थेट ओटीटीवर आला, तेव्हा घरातील प्रेक्षकाच्या हातात पुढे सरकवण्याची सोय होती. गोळीबारानंतर रात्रभर उधम हातगाडीवरून जखमींना नेतो, परत येतो, पुन्हा नेतो. उधमसिंह त्या दिवशी तेथे होते की नव्हते याविषयी इतिहासकारांत एकमत नाही, आणि परीक्षणात हे नोंदवले पाहिजे. पण लांबीचे समर्थन त्या पुनरावृत्तीतच आहे: प्रत्येक खेपेला नेण्याजोगी माणसे आणि नेणाऱ्याची ताकद दोन्ही घटत जातात. ज्या दृश्यात चौथी खेप पहिल्या खेपेपेक्षा वेगळे काही सांगत नाही, ते दृश्य लांबलेले. ही कसोटी बहुतेक ठिकाणी चालते.

लिहिताना

इफ्फीत दिवसाला चार चित्रपट पाहून रात्री खोलीवर परीक्षण पाठवण्याची पद्धत आहे. इतर चित्रपटांबाबत ती खपून जाते. अशा चित्रपटाबाबत एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, कारण रडू आलेले असते तेव्हा आपण चित्रपटाचे आभार मानत असतो आणि राग आलेला असतो तेव्हा घटनेचा राग चित्रपटावर निघतो. संपादकाला मजकूर त्याच रात्री हवा असेल, तर चार ओळींची बातमी द्यावी आणि परीक्षण दुसऱ्या दिवशी देण्याचे कबूल करावे.

कथासार कमीत कमी लिहावे. विमान कोसळते, हॉटेल जळते, हे वाचकाला पाठ आहे. शेवट फोडल्याची तक्रार येथे संभवत नाही, आणि ही परीक्षकाला मिळालेली मोठी मोकळीक आहे. शेवटच्या दृश्यावर निःसंकोच लिहिता येते. 'युनायटेड ९३'च्या अखेरीस विमानाच्या काचेतून जमीन गरगरत जवळ येते आणि पडदा काळा होतो. आघात दिसत नाही. ज्या चित्रपटाने दोन तास सर्व काही जवळून दाखवले तो नेमके येथे का थांबतो, यावर एक परिच्छेद खर्च करावा, तो कथासाराच्या तीन परिच्छेदांहून मोलाचा ठरतो.

शब्दांची चैन अशा परीक्षणात फार लवकर उघडी पडते. 'अंगावर काटा आणणारा', 'सुन्न करणारा', 'प्रत्येक भारतीयाने पाहावा असा', 'हृदयाला हात घालणारा' ही विशेषणे घटनेचे वर्णन करतात की चित्रपटाचे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. उदाहरण घेऊन पाहू. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात, हल्लेखोर वगळता, १६६ माणसे मारली गेली. ताज हॉटेलमधील कर्मचारी आणि पाहुणे यांच्यावर अँथनी मारास यांनी 'हॉटेल मुंबई' केला. देव पटेल यांनी केलेला अर्जुन हा शीख वाढपी काल्पनिक आहे. त्याच्याविषयी असे लिहिले जाऊ शकते:

'देव पटेल यांच्या अभिनयाला तोड नाही. पगडीचा प्रसंग अंगावर काटा आणतो आणि डोळ्यांच्या कडा ओलावतात.'

हे खरे असेलही, पण वाचकाच्या हाती काही लागत नाही. तेच असे लिहून पाहावे:

'हल्ला सुरू असताना लपून बसलेली एक वयस्क परदेशी पाहुणी अर्जुनची दाढी आणि पगडी पाहून घाबरते. तो तिला पगडीचे महत्त्व समजावून सांगतो आणि तिला त्याने बरे वाटणार असेल तर पगडी उतरवण्याची तयारी दाखवतो. पुढे एका जखमी स्त्रीचे रक्त थांबवण्यासाठी तो तीच पगडी सोडतो. जे पहिल्या प्रसंगात बोलून सांगितले तेच दुसऱ्यात कृतीने येते, आणि दुसरा प्रसंग हाती असताना दिग्दर्शकाला पहिल्याची गरज का वाटली असावी, असा प्रश्न पडतो; कदाचित तो प्रसंग त्या पाहुणीसाठी नसून पाश्चात्त्य प्रेक्षकासाठी असावा.'

या मजकुरात एकही विशेषण वाखाणणीचे नाही, तरी पटेल यांचे काम दिसते, दिग्दर्शकाची निवड दिसते आणि परीक्षकाची शंकाही दिसते. वाचक असहमत होऊ शकतो, कारण असहमत होण्यासाठी लागणारा ऐवज त्याला दिलेला आहे.

आपल्या मनातील वाचक कोण, हेही ठरवून घ्यावे. १९८८ साली फाळणीवरील 'तमस' ही गोविंद निहलानी यांची मालिका दूरदर्शनवर सुरू असताना तिच्याविरुद्ध याचिका झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि मग प्रक्षेपणाला मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. त्या निर्णयाने जुन्या नागपूर उच्च न्यायालयाची एक कसोटी पुन्हा पुढे आणली: कलाकृतीचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसावर काय होईल यावरून जोखावा, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या डळमळीत मनावरून नव्हे. परीक्षकाने त्याच समंजस वाचकासाठी लिहावे. आधी पाहावे आणि मग बोलावे, हे तर सांगण्याचीही गरज पडू नये. पण गेल्या काही वर्षांत झलक पाहून लिहिलेली परीक्षणे वाचली आहेत, म्हणून सांगितले.

तारे देणे शक्य असेल तेथे टाळावे. दुपारी लागलेल्या विनोदी चित्रपटाला तीन आणि भोपाळवरच्या चित्रपटाला अडीच, हा हिशेब वाचकाला विचित्र वाटतो आणि तो खरोखरच विचित्र आहे. वर्तमानपत्राची चौकटच तशी असेल आणि तारे द्यावेच लागत असतील, तर ते पटकथा, छायाचित्रण, अभिनय यांचे आहेत, एवढे एक वाक्य मजकुरात यावे.

इतरांची मते कशी वाचावीत

स्वतःचे परीक्षण लिहून होईपर्यंत इतरांची वाचू नयेत. नंतर मात्र अवश्य वाचावीत, विशेषतः एखाद्या चित्रपटाचे स्वागत कसे झाले यावर लेख लिहायचा असेल तेव्हा. परीक्षणे एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरील टक्केवारी म्हणजे गुणांची सरासरी नव्हे. एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल आहेत, एवढेच ती सांगते. शंभरपैकी नव्वद जणांनी 'ठीक आहे' म्हटले तरी नव्वद टक्केच दिसतात. मेटाक्रिटिक हे तसेच दुसरे संकेतस्थळ गुण काढून सरासरी घेते आणि काही प्रकाशनांना अधिक वजन देते. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा दिसला तर समजावे की चित्रपट पुष्कळांना पसंत पडला, पण जिवापाड आवडला असे फारसे कोणी नाही. शोकांतिकांवरील चित्रपटांबाबत या आकड्यांवर आणखी एक सावट असते: घटनेबद्दलच्या आदराने काही परीक्षक टीका करताना हात आखडता घेतात. मजकूर तक्रारींनी भरलेला आणि निकाल अनुकूल, अशी परीक्षणे वेगळी काढून ठेवावीत. स्वागताचा खरा इतिहास त्यांत सापडतो.

तिकीटबारीचे यश, करमुक्ती आणि पुरस्कार हे स्वागताचे घटक आहेत, गुणवत्तेचे पुरावे नाहीत. 'द काश्मीर फाइल्स' गोव्यासह अनेक राज्यांत करमुक्त झाला, हे स्वागताविषयीच्या लेखात यायलाच हवे, इफ्फीच्या परीक्षकांचे मतही यायला हवे आणि राष्ट्रीय पुरस्कारही. यांपैकी एकाच गोष्टीवर बोट ठेवून इतर झाकणारा लेख दोन्ही बाजूंनी लिहिता येतो आणि दोन्ही बाजूंनी लिहिला गेला आहे.

चित्रपट केव्हा आला, हे मतांइतकेच महत्त्वाचे असते. 'युनायटेड ९३' घटनेनंतर पाच वर्षांच्या आत आला. न्यूयॉर्कमधील एका चित्रपटगृहाने प्रेक्षकांच्या तक्रारींमुळे त्याची झलक दाखवणे थांबवले होते, आणि 'इतक्यात कशाला?' हा प्रश्न अनेक परीक्षणांच्या पहिल्याच परिच्छेदात आला. मुंबईतील १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली; त्यावरचा अनुराग कश्यप यांचा 'ब्लॅक फ्रायडे' २००४ मध्ये तयार होऊनही खटल्याचा निकाल लागेपर्यंत न्यायालयाने थोपवून धरला आणि तो फेब्रुवारी २००७ मध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे प्रेक्षकाने तो निकाल माहीत असताना पाहिला. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि नागरिक मारले, पण सोव्हिएत संघाने ते १९९० पर्यंत मान्यच केले नाही. आंद्रे वायदा यांनी, ज्यांचे वडील त्या मृतांत होते, 'कातिन' २००७ मध्ये केला. त्यांच्यावर 'इतक्यात कशाला' असा आक्षेप कोण घेणार? तेथे चित्रपट हीच पोलंडच्या दृष्टीने उशिरा झालेली नोंद होती, आणि पोलिश प्रेक्षकाने तो तसा पाहिला, हे ध्यानात न घेता केवळ पटकथेची वीण तपासणारे बाहेरचे परीक्षण अपुरे राहते.

हाच न्याय आपल्याला उलट दिशेने लावून पाहता येईल. पोर्तुगीजांच्या गोळीबारात १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर सत्याग्रही मारले गेले, आणि पेडणे तालुक्यात पत्रादेवीला त्यांचे स्मारक आहे. गोवामुक्तीच्या लढ्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६९ मध्ये 'सात हिंदुस्तानी' केला, जो आज अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट म्हणूनच स्मरणात आहे. त्यात देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेली माणसे गोव्यात शिरतात आणि गोव्याची बाजू मुख्यतः मारिया या एका तरुणीकडे येते. एकात्मतेचा आग्रह त्या काळात समजण्यासारखा होता, आणि अब्बास यांनी एका प्रांताच्या नटाला दुसऱ्या प्रांताचे पात्र देऊन तो आग्रह पात्रनिवडीतही नेला. तरी गोव्यातील प्रेक्षकाला विचारावेसे वाटते की ज्यांच्या भूमीवर हे घडले ते स्वतःच्या कथेत इतके थोडे का आहेत. मुंबई, काश्मीर किंवा भोपाळ यांवरच्या चित्रपटांविषयी आपण गोव्यात बसून लिहितो तेव्हा तेथील माणसांच्या मनात नेमका हाच प्रश्न असतो. म्हणून शक्य असल्यास त्या ठिकाणच्या वर्तमानपत्रांतील निदान एकदोन परीक्षणे वाचून आपल्या मजकुरात त्यांची दखल घ्यावी, मत पटले नाही तरी घ्यावी.

छापून आल्यावर

मथळा बहुधा आपण देत नाही. मजकूर तोलून लिहिलेला आणि मथळा एकांगी, असे होऊ शकते. म्हणून दोन पर्यायी मथळे आपणच सुचवून पाठवावेत. मजकूर जागेअभावी कापला जाणार असेल तर आकड्यांचे स्रोत कापू नयेत, अशी विनंती आधीच करून ठेवावी, कारण उपसंपादकाला तीच वाक्ये रुक्ष वाटतात.

अशा परीक्षणावर पत्रे येतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचे तुकडे फिरतात. आपल्या लेखातील एकच वाक्य तोडून फिरवले जाईल असे गृहीत धरून, मृतांविषयीचे प्रत्येक वाक्य एकटे वाचले तरी अर्थ बदलणार नाही, असे बांधावे. राजकीय पत्रांना सविस्तर उत्तर देण्याची गरज नाही; मूळ लेखाकडे बोट दाखवावे, पुरे. पत्र घटनेतून वाचलेल्या व्यक्तीचे किंवा गेलेल्याच्या घरच्यांचे असेल तर मात्र उत्तर द्यावे, ते खाजगी द्यावे आणि त्यात चित्रपटावरचे आपले मत पुन्हा पटवून देऊ नये. तथ्याची चूक त्यांनी दाखवली असेल तर ती आपण स्वतः तपासून पुढच्याच अंकात दुरुस्ती छापून आणावी, आणि पत्रलेखकाचे नाव त्यांच्या संमतीशिवाय त्या दुरुस्तीत घालू नये.